विषाला कीड कळते का?

प्रश्न: घरामागच्या मळ्यात मिरचीवर मावा पडला आहे आणि कोबीवर हिरवी अळी. मिरची नुकतीच फुलावर आली आहे. विक्रेत्याने दोन बाटल्या दिल्या. एकीवर इमिडाक्लोप्रिड लिहिले आहे, दुसरीवर क्लोरँट्रानिलिप्रोल. ‘ही नवीन औषधे फक्त किड्यांच्या नसांवर चालतात, माणसाला-जनावराला काही होत नाही,’ असे तो म्हणाला. सासऱ्यांचे म्हणणे, विष ते विष, त्याला कीड काय आणि मांजर काय. आमच्याकडे कुत्रा आणि मांजर आहे, मळ्याच्या कडेला माशांचे टाके आहे आणि शेजाऱ्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या शंभरेक पावलांवर आहेत. औषधाला कीड खरेच ओळखता येते का? इतके निर्धोक असेल तर मात्रा थोडी वाढवली तर चालेल का? आणि उरलेले कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरता येईल का?

उत्तर: शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकतो, कारण ती वाचायच्या आत कोणी बाटली उघडू नये. मात्रा वाढवायची नाही. आणि मळ्यातले औषध कुत्र्याच्या अंगावर थेंबभरही लावायचे नाही. कारणे पुढे येतील.

आता वादाकडे. तुमचे सासरे आणि विक्रेता दोघेही अर्धे बरोबर आहेत. भांडण लागते ते ‘सुरक्षित’ या शब्दावरून. लेबलावरचा ‘निवडक’ हा दावा बहुतेक वेळा कीड विरुद्ध सस्तन प्राणी एवढ्याच तुलनेतून आलेला असतो. मधमाशी सस्तन नाही, मासाही नाही, आणि मावा फस्त करणारा ढालकिडा तर माव्यासारखाच कीटक. तेव्हा प्रत्येक बाटलीला दोन प्रश्न विचारायचे: हिने कोणाला सोडले आहे, आणि कशामुळे सोडले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कळले की पहिल्याचे बरेचसे आपोआप कळते.

औषधाचा रेणू काही ओळखत नाही. तो माव्यात जातो तसाच मांजरातही जातो. फरक पडतो तीन ठिकाणी: ज्या प्रथिनाला तो चिकटणार त्याची घडण, शरीरात तो किती लवकर मोडतो, आणि मेंदूपर्यंत पोचू दिला जातो की नाही.

जुन्या औषधांत पहिल्या ठिकाणी फरकच नव्हता. पॅराथिऑन, क्लोरपायरीफॉस यांसारखी फॉस्फरसयुक्त औषधे ॲसिटिलकोलिनएस्टरेझ नावाचे एन्झाइम बंद पाडतात. एक चेतापेशी दुसरीला निरोप देताना ॲसिटिलकोलिन सोडते आणि निरोप पोचला की हे एन्झाइम ते लगेच तोडून टाकते. ते बंद पडले की निरोप थांबतच नाही. स्नायू थरथरतात, लाळ सुटते, शेवटी श्वास अडतो. हे एन्झाइम माव्यात आणि माणसात जवळपास सारखेच आहे. म्हणून त्या काळाबद्दल सासऱ्यांचे म्हणणे अगदी खरे. त्यातल्या त्यात मॅलेथिऑन सौम्य, पण त्याचे श्रेय एन्झाइमला नाही, यकृताला आहे. सस्तन प्राण्यांच्या शरीरात ते पटकन मोडते. किड्याच्या शरीरात त्याचे आधी मॅलाऑक्सॉन हे जास्त जहाल रूप बनते.

तुमची पहिली बाटली, इमिडाक्लोप्रिड, निओनिकोटिनॉइड गटातली. हे औषध १९९१ मध्ये बाजारात आले. ते एन्झाइमला हात लावत नाही. ॲसिटिलकोलिन ज्या प्रथिनावर जाऊन बसते त्या निकोटिनिक रिसेप्टरवर ते स्वतःच जाऊन बसते आणि उठत नाही. हा रिसेप्टर आपल्यातही आहे. मग आपण वाचतो कसे?

इथे विद्युतभाराचा खेळ आहे. तंबाखूतले निकोटीन शरीरात गेल्यावर बहुतांशी धनभारित होते, आणि सस्तन प्राण्यांच्या रिसेप्टरमधली जागा अशा धनभाराला धरून ठेवणारी असते. म्हणून निकोटीन आपल्याला लागू पडते. उलट किड्यांच्या चेतागुच्छांभोवती एक आवरण असते, त्यातून भारित रेणू सहजासहजी आत शिरत नाहीत. त्यामुळे तंबाखूचा काढा पूर्वी कीटकनाशक म्हणून वापरला गेला खरा, पण तो माणसालाच जास्त धोक्याचा. इमिडाक्लोप्रिडवर असा धनभार नसतो. त्याच्या एका टोकाला नायट्रो गट असतो आणि त्या टोकावर इलेक्ट्रॉनांची दाटी, म्हणजे ऋण बाजू. किड्याच्या रिसेप्टरमध्ये नेमक्या त्या टोकासमोर धनभारित अमिनो आम्ल येते आणि पकड घट्ट बसते. आपल्या रिसेप्टरमध्ये तिथे तसे अमिनो आम्ल नाही. फरक तसा छोटासाच, पण मुख्यतः त्यामुळे किड्याच्या रिसेप्टरवरची पकड सस्तनांच्या मेंदूतल्या रिसेप्टरपेक्षा सुमारे ५०० पट घट्ट होते.

पाचशे पट ऐकायला मोठे वाटते. पण ती पट आहे, भिंत नाही. उंदरावरच्या चाचणीत तोंडावाटे इमिडाक्लोप्रिडची निम्मे प्राणी मारणारी मात्रा किलोमागे ४५० मिलिग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे पॅराथिऑनच्या तुलनेत पुष्कळच सौम्य, तरी निर्विष नव्हे. शिवाय एक खोच आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. हा रेणू मोडताना त्याचा नायट्रो गट निघून गेला, तर उरलेला तुकडा निकोटीनसारखा धनभार घेतो. मग सगळे उलटते: किड्याच्या रिसेप्टरवर पकड सैल, सस्तनांच्या रिसेप्टरवर घट्ट. हा तुकडा झाडातही थोडा तयार होतो आणि प्राण्यांच्या शरीरातही. नेहमीच्या मात्रेत त्याचे प्रमाण कमी राहते. ‘थोडी वाढवली तर काय बिघडते’ या प्रश्नाचे एक उत्तर हे. निवडकपणा हा ठरावीक मात्रेपुरता असतो. मात्रा दुप्पट केली की कीड दुप्पट मरत नाही, फक्त बाकीच्यांच्या वाट्याची पट निम्मी होते.

आता मधमाश्या. तुमच्या मळ्यात खरा प्रश्न त्यांचाच आहे. मधमाशीचा निकोटिनिक रिसेप्टर माव्याच्या रिसेप्टरसारखाच, तेच धनभारित अमिनो आम्ल, तीच पकड. इमिडाक्लोप्रिड पोटात गेले तर एका माशीला चारेक नॅनोग्रॅम पुरतात. ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोग्रॅम. त्या हिशेबाने एका ग्रॅममध्ये २५ कोटी मात्रा बसतात. आणि हे औषध आंतरप्रवाही आहे. पानावर फवारले तरी रसात उतरते, तिथून मकरंदात आणि परागात जाते. म्हणून ‘संध्याकाळी माश्या पेटीत गेल्यावर फवारा’ हा एरवीचा चांगला सल्ला इथे अपुरा पडतो. फुलावर आलेल्या मिरचीवर ही बाटली वापरू नका. कळीच्या अवस्थेत किंवा मुळाशी ओतूनही नको, कारण जमिनीत ते महिनोन्महिने टिकू शकते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मुख्यतः मधमाश्यांसाठीच.

गंमत अशी की याच गटातले ॲसिटामिप्रिड मधमाशीला हजारपटीहून कमी घातक आहे, तिथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागते. रिसेप्टर तोच, तरी एवढा फरक? ॲसिटामिप्रिडच्या टोकाला नायट्रोऐवजी सायनो गट असतो, आणि मधमाशीकडे सीवायपी९क्यू या कुळातली अशी एन्झाइमे आहेत की ती सायनो गटवाल्या रेणूंना विषबाधेआधीच मोडतात. इमिडाक्लोप्रिड त्यांना तसे नीट मोडता येत नाही. म्हणजे इथे मधमाशी वाचते ती पचनशक्तीवर. आणि पचनशक्ती बिघडवता येते. ॲसिटामिप्रिडच्या पंपात कोणी प्रोपिकोनॅझोलसारखे बुरशीनाशक मिसळले, तर ते नेमके असल्या एन्झाइमांनाच अडवते. प्रयोगशाळेत या जोडीने ॲसिटामिप्रिडची मधमाशीवरची विषारकता शंभरपटीहून अधिक वाढलेली दिसली आहे. एका फेरीत दोन कामे उरकायची म्हणून कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकत्र ढवळण्याची सवय सगळीकडे असते. नावाच्या शेवटी ‘कोनॅझोल’ किंवा ‘अझोल’ असेल आणि आजूबाजूला पेट्या असतील, तर तो उरकता हात आवरा.

पक्ष्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी एक हिशेब देतो. चिमणीसाठी इमिडाक्लोप्रिडची निम्मे पक्षी मारणारी मात्रा किलोमागे सुमारे ४० मिलिग्रॅम. चिमणी २५ ग्रॅमची धरली तर झाले १ मिलिग्रॅम. मक्यासारख्या मोठ्या बियाण्याला औषध चोळताना एकेका दाण्यावर एवढे सहज बसू शकते. म्हणून औषध लावलेले बी पेरताना वर सांडले तर मातीआड करायचे. ‘पाखरे टिपतील, जाऊ दे’ असे तिथे म्हणायचे नाही.

दुसरी बाटली, क्लोरँट्रानिलिप्रोल, हिची गोष्ट वेगळी. विक्रेता इथे तांत्रिकदृष्ट्या चुकला. हे मुख्यतः नसांवर नाही, स्नायूंवर चालते. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचे साठे असतात आणि रायनोडीन रिसेप्टर हा त्या साठ्याचा दरवाजा. स्नायू आकसताना दरवाजा क्षणभर उघडतो आणि मिटतो. हे औषध तो उघडाच ठेवते. कॅल्शियम सगळे सांडते, स्नायू आधी आकसतो आणि मग त्याच्यात ताकदच उरत नाही. आपल्यातही हे रिसेप्टर आहेत, तेही तीन प्रकारचे (एक मुख्यतः हातापायांच्या स्नायूंत, एक हृदयात, तिसरा इतरत्र), पण त्यांची घडण इतकी निराळी की किड्याच्या रिसेप्टरला लागू पडणाऱ्या मात्रेच्या शेकडोपट मात्रेलाही ते दाद देत नाहीत. उंदरांवर किलोमागे ५००० मिलिग्रॅमपर्यंत देऊनही मृत्यूची मात्रा सापडली नाही. मधमाश्यांनाही तीव्र बाधा कमी. कोबीवरच्या अळीसाठी ही बाटली योग्य आहे.

पण तिचेही सोडलेले आणि न सोडलेले आहेत. पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर ती सगळ्यात जहाल. ती अळी कोबीवरची आहे, बांधावरच्या फुलपाखराची आहे की रेशमाची, याच्याशी रेणूला कर्तव्य नाही. आणि पाण्यात डॅफ्निया नावाची जे बारीक पिसवेसारखे कवचधारी जीव उड्या मारत असतात, ते लिटरमागे दहा-बारा मायक्रोग्रॅमलाच हालचाल थांबवतात. तुमच्या टाक्यातल्या माशांना इतक्याने काही होणार नाही, पण त्यांचे जिवंत खाद्य जाईल. इमिडाक्लोप्रिडचेही तसेच: मासे ते बरेच सोसतात, पाण्यातल्या मेफ्लायची पिल्ले मात्र लिटरमागे मायक्रोग्रॅमभरानेही मरतात. माशांना खरा धोका पायरेथ्रॉइड गटातल्या, सायपरमेथ्रिनसारख्या औषधांचा. ती कल्ल्यांतून झपाट्याने शिरतात, माशाच्या शरीरात सावकाश मोडतात आणि लिटरमागे काही मायक्रोग्रॅमने टाके रिकामे होते. तिसरी बाटली कधी घेतलीत तर हे लक्षात असू द्या.

मग माव्याचे काय करायचे? आधी साधे: पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने, एक दिवसाआड तीन वेळा. खाली पडलेला मावा फारसा वर चढत नाही. त्याने भागले नाही तर कीटकनाशक साबणाचे एक ते दोन टक्क्यांचे द्रावण, उन्हात नव्हे, नाहीतर पाने करपतात. पानांवर ढालकिड्यांच्या अळ्या फिरताना दिसत असतील, तर चार दिवस हात बांधून बसणे हाही उपाय आहे. इमिडाक्लोप्रिडने नेमके हेच राखणदार जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी मिरचीवर लाल कोळी बोकाळतो. मग त्याला वेगळे औषध लागते, आणि तुम्ही औषधांच्या चक्रात सापडता.

तरीही औषधच लागले तर लेबलावर गट ९ किंवा गट २९ शोधा: पायमेट्रोझिन, अफिडोपायरोपेन, फ्लोनिकामिड. (हे आकडे म्हणजे आयआरएसी या आंतरराष्ट्रीय समितीने औषधे कुठे काम करतात त्यावरून दिलेले क्रमांक. इमिडाक्लोप्रिड ४ए, क्लोरँट्रानिलिप्रोल २८. लेबलावर आकडा छापलेला नसेल तर सक्रिय घटकाच्या नावावरून शोधता येतो. तुमच्या पिकासाठी ते औषध लेबलावर मंजूर आहे ना, हे मात्र आधी पाहा.) कीटकांच्या सांध्यांमध्ये ताण मोजणारे बारीक अवयव असतात, पाय किती वाकला, मिशी कुठे वळली, हे त्यांच्यावरून कळते. सस्तन प्राण्यांत हे अवयवच नाहीत. ही औषधे त्या अवयवांची जाणीव बिघडवतात. माव्याला आपली सोंड पानात कुठे आणि कशी खुपसायची याचे भान राहत नाही.

या औषधांबद्दल हमखास तक्रार येते की ‘लागूच पडले नाही’. दहापट भिंग घेऊन पाहिले तर काय चालले आहे ते दिसते. फवारल्यावर तास-दोन तासांत मावा खाणे थांबवतो, पण मरत नाही. पानावर तसाच बसलेला असतो, हलवला तर अडखळत चालतो, मागचे पाय ताणल्यासारखे करतो. सोंड पोटाशी दुमडलेली असते किंवा पानावर नुसती टेकवून काढून घेतली जाते. दोन ते पाच दिवसांत तो उपाशी मरतो. दुसऱ्या दिवशी जिवंत मावा पाहून पुन्हा फवारणी करणारा माणूस पैसे आणि निवडकपणा दोन्ही वाया घालवतो. परीक्षा चिकट्यावर करायची: एका फांदीच्या खालच्या पानांवर माव्याने टाकलेला चिकट मधरस पुसून काढा. दुसऱ्या दिवशी नवा चिकटा पडला नाही, तर औषध लागले.

अळीचेही तसेच. क्लोरँट्रानिलिप्रोलने कोबीवरची अळी काही तासांत कुरतडणे सोडते, अंग आखडून आकाराने लहान दिसू लागते, आणि एक ते तीन दिवसांत मरते. मेलेल्या अळ्या मोजत बसू नका, विष्ठेचे हिरवे-काळे दाणे पाहा. गड्ड्यातले जुने दाणे झटकून टाका. दुसऱ्या दिवशी ओले, ताजे दाणे नसतील तर काम झाले. ताजे दाणे दिसले आणि फवारा नीट बसला होता याची खात्री असेल, तर प्रतिकारक्षम पिढी असण्याची शक्यता आहे. कोबीवर येणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने रायनोडीन रिसेप्टरमधले एकच अमिनो आम्ल बदलून या गटाला चकवल्याचे नोंदले गेले आहे. त्या वेळी मात्रा वाढवणे हा उपाय नाही, गट बदलणे हा आहे. आणि गट बदलायचा म्हणजे दुसऱ्या नावाची बाटली नव्हे, दुसरा क्रमांक. एका पिढीवर एक क्रमांक, पुढच्या पिढीवर दुसरा.

मात्रेचा हिशेब. घरच्या मळ्यात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लेबल हेक्टरमध्ये बोलते आणि आपण पंपात. आधी पंपात नुसते पाणी भरा आणि मोजलेल्या १०० चौरस मीटरवर नेहमीच्या चालीने फवारा. किती लिटर संपले ते पाहा. समजा ४ लिटर लागले. मग १५ लिटरचा पंप ३७५ चौरस मीटरला पुरतो. लेबलावर समजा हेक्टरी ६० मिलिलिटर असेल, तर १०० चौरस मीटरला ०.६ आणि पंपाला २.२५ मिलिलिटर. हा आकडा नमुन्याचा आहे, तुमच्या बाटलीवरचा घ्या. एवढेसे औषध झाकणाने मोजता येत नाही. सुई काढलेली सिरिंज वापरा आणि ती फक्त याच कामासाठी ठेवा. पंप अर्धा भरा, औषध घाला, ढवळा, मग पूर्ण भरा. तळाशी औषध आणि वर पाणी असे राहिले तर पहिल्या वाफ्याला पाचपट मात्रा मिळते आणि शेवटच्याला नुसते पाणी.

फवारणीची वेळ सूर्यास्ताच्या आसपास, माश्या परतल्यावर. पण एक पेच आहे. संध्याकाळी हवा अगदी पडली की जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, आणि बारीक थेंब खाली न बसता त्या थरात तरंगत लांबवर जातात. तुमचे टाके आणि पेट्या दोन्ही त्यांच्या वाटेत. चिमूटभर सुकी माती किंवा थोडा धूर सोडून पाहा. धूर आडवा पसरून लटकला तर थांबा. हळूच एका दिशेने वाहत निघून गेला, आणि ती दिशा टाक्याची नसली, तर फवारा. नोझल जाड थेंबांचे, दाब कमी, नोझल पिकापासून फार उंच नको. टाके प्लास्टिकने झाका आणि हवेचा पंप असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा, तो बाहेरची हवा पाण्यात ओढतो. पिकाखाली तण फुलले असेल तर आदल्या दिवशी कापा; माश्या मिरचीपेक्षा त्या तणावर जास्त असतात. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगा. आणि पंप भरताना सांडलेले डबके मातीने बुजवा, कारण माश्या पाणी प्यायला तिथेच येतात.

कुत्रा आणि मांजर. फवारा पूर्ण सुकेपर्यंत दोघांना मळ्यात सोडू नका. सुकल्यावर धोका पुष्कळ कमी होतो. आता गोचिडांचे. पहिली गोष्ट, गोचीड हा कीटक नाही, ती आठ पायांची, कोळ्याच्या कुळातली. इमिडाक्लोप्रिड पिसवा मारते, गोचिडांवर फारसे चालत नाही. म्हणूनच कुत्र्यांच्या काही मानेवर टाकायच्या औषधांत त्याच्या जोडीला परमेथ्रिन (वरच्या पायरेथ्रॉइड गटातलेच) असते. आणि परमेथ्रिन मांजराला मारू शकते. मांजराच्या यकृतात अशा रेणूंना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर टाकण्याची क्षमता फारच कमी असते. कुत्र्याला निर्धोक असलेले ते औषध लावून त्याला मांजराशेजारी झोपू दिले तरी मांजर थरथरू लागते, झटके येतात. रिसेप्टर तोच, यकृत वेगळे. पिसवा-गोचिडांवरच्या फिप्रोनिलबाबत सशांनाही जपावे लागते. कुत्र्या-मांजराला चालणारे हे औषध सशाला लावू नये.

तिसऱ्या ठिकाणाचे उदाहरणही कुत्र्यातच सापडते. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध आणि त्याचे भाऊबंद चेतापेशीतल्या ज्या ग्लुटामेट-क्लोराइड वाहिनीवर चालतात, ती पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत नाहीच. (हे औषध शोधल्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले.) पण मात्रा चढली की ते आपल्या मेंदूतल्या तशाच घाटाच्या दुसऱ्या वाहिन्यांना चिकटते. एरवी मेंदूच्या वेशीवरचा एक प्रथिन-पंप ते बाहेर फेकतो. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत हा पंप जन्मतःच बिघडलेला असतो आणि त्यांना ते जिवावर बेतते. याच कुळातल्या, मळ्यात वापरल्या जाणाऱ्या ॲबामेक्टिनची उंदरावरची घातक मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. रिसेप्टर आपल्यात नसूनही! ‘आपल्यात रिसेप्टरच नाही’ एवढ्यावर विसंबून हातमोजे काढणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

गोचिडांसाठी पशुवैद्याकडून आयसोक्झाझोलिन गटातली गोळी मिळते, फ्लुरालानर वगैरे. किड्या-गोचिडांच्या चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा वाहिनीत फिप्रोनिलपेक्षा वेगळ्या जागी ती बसते. ही नव्यातली नवी आणि चांगलीच निवडक. तरी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये काही कुत्र्या-मांजरांत थरथर आणि झटके आल्याचा इशारा दिला. तुमच्या कुत्र्याला आधी कधी झटके आले असतील तर पशुवैद्याला ते आवर्जून सांगा.

चुकून कोणाच्या पोटात गेले किंवा अंगावर सांडून त्रास सुरू झाला, तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठ-पाणी पाजू नका. कपडे काढून त्वचा साबणाने धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. बाटली यासाठी, की उपचार गटावर ठरतो. ॲट्रोपिनचा नेमका उतारा फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट औषधांसाठी आहे, म्हणजे गट १. निओनिकोटिनॉइडांना वेगळा उतारा नाही, लक्षणे पाहून आधार द्यावा लागतो. इंडोक्साकार्बसारखे औषध असेल (गट २२) तर रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते, रक्त तपकिरी दिसते आणि बोटाला लावायचे यंत्र चुकीचा आकडा दाखवते. तिथे मेथिलीन ब्ल्यू लागते.

कोबी काढायच्या आधी किती दिवस थांबायचे तो आकडाही लेबलावर असतो, तो पाळा. न उघडलेली इमिडाक्लोप्रिडची बाटली विक्रेत्याला परत करा. उघडली असेल तर मूळ बाटलीतच, कुलपात, आणि कुत्र्याच्या औषधांच्या कप्प्यापासून लांब ठेवा. पंप तीनदा धुवा; ते पाणी टाक्याकडे उतार असलेल्या चरीत न सोडता, फवारलेल्या कोबीच्या वाफ्यावरच पुन्हा पातळ फवारून संपवा.